ताटात राहिलेली मिरची

१९३२ सालच्या शरद ऋतूतली एक संध्याकाळ. दक्षिण हंगेरीतल्या सेगेड शहरात प्राध्यापक अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी जेवायला बसले होते. पत्नीनं जेवणात ओली लाल पाप्रिका वाढली होती. पाप्रिका म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीची सख्खी बहीण. दोघींची वनस्पतिशास्त्रीय जात एकच, आणि हंगेरियन भाषेत ढोबळीलाही पाप्रिकाच म्हणतात. प्राध्यापकांना त्या दिवशी ती खायची नव्हती, पण बायकोला तसं तोंडावर सांगण्याचा धीर होत नव्हता. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, की आपण इतक्या भाज्या आणि फळं तपासली, पण ही कधीच तपासली नाही. मिरची तपासायची आहे असं सांगून ते ताटावरून उठले आणि ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळून चुकलं, की हातात क जीवनसत्त्वाची खाण लागली आहे.

ही हकिकत सेंट-ज्यॉर्जी स्वतः पुढे अनेकदा हसत हसत सांगत. तिच्यातली गंमत नीट कळायची तर त्या मिरचीआधीची दहा-बारा वर्षं माहीत हवीत. ज्या पदार्थासाठी त्यांनी देशोदेशीच्या प्रयोगशाळा पालथ्या घातल्या आणि खाटिकखान्यातून जनावरांच्या ग्रंथी गोळा केल्या, तो त्यांच्याच गावच्या बाजारात ढिगानं विकायला होता.

अल्बर्ट यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईच्या माहेरी विद्वानांची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोशेक हे शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. लहानपणी मात्र अल्बर्ट अभ्यासात अगदी मठ्ठ समजला जाई. पुस्तकाचं वावडं, परीक्षेला शिकवणीशिवाय निभाव नाही. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला एकाएकी वाचनाची गोडी लागली आणि त्यानं संशोधक व्हायचं जाहीर केलं, तेव्हा मामांनी साफ विरोध केला. या मुलानं सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात पडावं, फार तर दंतवैद्य व्हावं, असं त्यांचं मत. मार्क सुधारले तसा मामांचा विरोध मावळला, पण एका अटीवर. मामांना मूळव्याधीचा त्रास होता, म्हणून भाच्यानं पहिलं संशोधन गुदमार्गाच्या रचनेवर करायचं. भाच्यानं ते केलं. विज्ञानात आपला प्रवेश चुकीच्या टोकाकडून झाला, असा विनोद ते पुढे जन्मभर करत राहिले.

वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच पहिलं महायुद्ध आलं. आघाडीवर त्यांना शौर्यपदक मिळालं. पण दोन वर्षांची कत्तल पाहून त्यांचं मन विटलं. १९१६ साली त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, ती शत्रूची असल्याचं सांगितलं आणि जखमी सैनिक म्हणून घरी परतले. पदवी १९१७ मध्ये पूर्ण झाली, लग्नही त्याच वर्षी झालं.

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे झाले आणि सेंट-ज्यॉर्जींची भटकंती सुरू झाली. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन आणि मग नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन. पैशांची कायम ओढाताण. ग्रोनिंगेनमध्ये त्यांनी एक साधाच वाटणारा प्रश्न हाती घेतला. सफरचंद, केळं, बटाटा कापून ठेवले की तपकिरी पडतात. लिंबू, संत्रं मात्र पडत नाही. असं का? (आपल्याकडे वांगी चिरून लगेच पाण्यात टाकतात, त्याच्या मुळाशीही हीच रसायनक्रिया आहे.) कापलेल्या पेशींमधली काही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि रंग बदलतात. लिंबूवर्गीय फळांच्या रसात असं काहीतरी होतं, जे हा संयोग रोखून धरत होतं. सेंट-ज्यॉर्जींनी परीक्षानळीत हा रस मिसळून पाहिला, तर एरवी क्षणात उमटणारा रंग थोडा वेळ थांबून उमटला. त्या थोड्या वेळात रसातला कोणता पदार्थ खर्ची पडतो, याचा शोध त्यांनी सुरू केला.

त्यांचं लक्ष एकीकडे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींकडेही होतं. ॲडिसनच्या आजारात या ग्रंथी निकामी होतात आणि रोग्याची कातडी तांबूस-काळी पडते. कातडीचं काळवंडणं आणि सफरचंदाचं काळवंडणं यांचा संबंध असावा, असा त्यांचा तर्क. तर्क तसा चुकीचाच निघाला. पण ग्रंथींमध्ये रंग रोखणारा तोच पदार्थ भरपूर आहे, हे त्यातूनच सापडलं.

नेमक्या याच टप्प्यावर ग्रोनिंगेनमधल्या प्रमुख प्राध्यापकांचं निधन झालं. त्यांच्या जागी आलेल्यांना या विषयात रस नव्हता. सेंट-ज्यॉर्जींनी नोकरी सोडली, पत्नी आणि लहान मुलगी यांना बुडापेस्टला सासुरवाडीला धाडलं. आयुष्य संपवावं, असे विचारही मनात येऊ लागले. जाण्याआधी एकदा शास्त्रज्ञांचा मेळा पाहावा म्हणून १९२६ साली ते स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. केंब्रिजचे सर फ्रेडरिक गाऊलंड हॉपकिन्स यांच्या भाषणात त्यांना आपलंच नाव ऐकू आलं, तेही एकापेक्षा अधिक वेळा. भाषणानंतर धीर करून ते हॉपकिन्सना भेटले. हॉपकिन्सनी त्यांना केंब्रिजला यायचं निमंत्रण दिलं आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीची सोय झाली. एका भाषणातल्या उल्लेखानं माणूस वाचतो, याचं याहून ठळक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

केंब्रिजमध्ये त्यांनी तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला. मिळाला एक ग्रॅमहूनही कमी. तो साखरेच्या कुळातला दिसत होता, पण नेमका काय ते कळेना. ग्लुकोज, फ्रुक्टोज अशा साखरांच्या नावाशेवटी ‘ओज’ येतो, म्हणून त्यांनी गमतीनं नाव सुचवलं ‘इग्नोज’, म्हणजे ठाऊक नसलेली साखर. नियतकालिकाच्या संपादकांना ही चेष्टा रुचली नाही. मग त्यांनी दुसरं नाव पाठवलं ‘गॉडनोज’, म्हणजे देव जाणे! तेही नामंजूर झालं. अखेर १९२८ साली ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ या गंभीर नावानं शोध छापून आला. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये राहून, खाटिकखान्यांमधून आणलेल्या ढीगभर अधिवृक्क ग्रंथींमधून त्यांनी सुमारे २५ ग्रॅम स्फटिक जमवले. त्यातले निम्मे बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हॉवर्थ यांना रेणूची रचना शोधण्यासाठी दिले. तेवढ्यात काम भागलं नाही.

हा पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व असेल, अशी शंका इतरांना होती, खुद्द सेंट-ज्यॉर्जींनाही होती. पण जीवनसत्त्वं हा विषय त्यांना मनापासून आवडत नसे. काय खावं, किती खावं, हा आचाऱ्याचा प्रांत, शास्त्रज्ञाचा नव्हे, असं ते मानत. ज्या माणसाला जेवणाच्या ताटातच मोठा ऐवज सापडायचा होता, त्याचं हे मत!

क जीवनसत्त्वाची गरज माणसाला किती आहे, हे दर्यावर्दी लोकांनी जीव देऊन सिद्ध केलं होतं. महिनोन्महिने ताज्या भाजी-फळांशिवाय राहिलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलू लागत, बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस दगावे. हा स्कर्व्ही. शरीराला बांधून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन नीट घडायला क जीवनसत्त्व लागतं, ते नसलं की शिवणच उसवते. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरांनी संत्री-लिंबांनी हा रोग बरा होतो हे दाखवलं होतं. पण संत्र्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं, हे पावणेदोनशे वर्षांनंतरही कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते जमत नाही, म्हणून परीक्षेसाठी गिनीपिगच हवा.

१९३० नंतर सेंट-ज्यॉर्जी मायदेशी परतून सेगेड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे १९३१ साली जोसेफ स्विर्बेली हा हंगेरियन वंशाचा अमेरिकी तरुण त्यांच्याकडे आला. तो पिट्सबर्गच्या चार्ल्स ग्लेन किंग यांच्या प्रयोगशाळेत शिकलेला, क जीवनसत्त्वाची गिनीपिगवर परीक्षा करण्यात तरबेज. सेंट-ज्यॉर्जींनी उरलेले स्फटिक त्याच्या हाती दिले. उकडलेल्या, म्हणजे क जीवनसत्त्व नष्ट झालेल्या अन्नावर गिनीपिग ठेवले. ज्यांना रोज अवघं एक मिलिग्रॅम हेक्झुरॉनिक आम्ल दिलं ते टुणटुणीत राहिले, ज्यांना दिलं नाही ते स्कर्व्हीनं मेले. कोडं सुटलं.

स्विर्बेलीनं हे आपल्या जुन्या गुरूंना, म्हणजे किंग यांना, पत्रानं कळवलं. सेंट-ज्यॉर्जींची त्याला परवानगी होती. एप्रिल १९३२ च्या पहिल्याच तारखेला किंग यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. त्यांनीही लिंबापासून हेच सिद्ध केल्याचं म्हटलं होतं. सेगेडचा लेख ‘नेचर’मध्ये त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. पहिलं कोण, यावर मोठा वाद झाला. किंग खरोखरच बरीच वर्षं या कामात होते, त्यामुळे त्यांचा दावा हवेतला नव्हता. पण हेक्झुरॉनिक आम्ल मुळात वेगळं काढलं होतं सेंट-ज्यॉर्जींनी, हेही तितकंच खरं.

वादापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. स्फटिक संपले होते. रचना शोधायला हॉवर्थना द्यायला काही उरलं नव्हतं. अमेरिकेसारखे खाटिकखाने सेगेडजवळ नव्हते. संत्र्या-लिंबाच्या रसात हे आम्ल असतं, पण त्याच्याबरोबर साखराही असतात. त्यांचे गुणधर्म इतके जवळचे की त्यांतून ते निवडून काढता काढता नाकी नऊ येत. अशा वेळी ती पाप्रिका ताटात आली.

सेगेड म्हणजे पाप्रिकाची राजधानी. शरदात तिथे घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या असतात. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि तिथून ती आपल्या स्वयंपाकघरात अशी रुजली की ती परकी आहे हे सांगूनही पटत नाही. हंगेरीत ती तुर्कांच्या मार्गानं पोचली. ताज्या पाप्रिकात दर ग्रॅमला दोन मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व निघालं. त्यावर त्रासदायक साखरा कमी, म्हणून ते शुद्ध करणंही सोपं. हंगाम संपायच्या आत मिरच्या मिळवायच्या म्हणून सारी प्रयोगशाळा कामाला लागली. काही आठवड्यांत दीड किलोच्या आसपास शुद्ध स्फटिक तयार झाले. आधी ग्रॅमच्या अंशासाठी वर्षं गेली होती.

आता या माणसाचा स्वभाव पाहा. जगात कुणाकडेच नसलेला हा साठा त्यांनी कुलपात ठेवला नाही. ज्या ज्या संशोधकानं मागितला त्याला पाठवून दिला. हॉवर्थना पाठवला, स्वित्झर्लंडच्या पॉल कारर यांनाही पाठवला. १९३३ साली हॉवर्थ यांनी रचना उलगडली. सहा कार्बन, आठ हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणूंचा हा छोटासा रेणू. त्याच वर्षी तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्याही बनवता आला आणि आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा झाला. सेंट-ज्यॉर्जी आणि हॉवर्थ यांनी त्याला नवं नाव दिलं, ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारं. १९३७ साली शरीरक्रियाशास्त्र आणि वैद्यकाचं नोबेल सेंट-ज्यॉर्जींना एकट्यांना मिळालं. रसायनशास्त्राचं त्याच वर्षी हॉवर्थ आणि कारर यांना विभागून मिळालं.

ज्या भाजीनं हे सगळं घडवलं, ती आपल्याकडे कुठे ढोबळी, कुठे भोपळी, कुठे सिमला, तर कोल्हापूर भागात ढब्बू म्हणून ओळखली जाते. १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. झाडावरच पूर्ण पिकून लाल झालेल्या ढोबळीत ते १२५ मिलिग्रॅमच्या पुढे जातं. संत्र्यात साधारण ५० असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरेसं आहे. पेरू आणि आवळा ढोबळीच्याही पुढे आहेत, हे खरं. पण आवळ्याची भाजी रोज कोण करतं! ढोबळीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी, १०० ग्रॅमला जेमतेम २५ ते ३० कॅलरी, थोडा चोथा, बी ६ जीवनसत्त्व आणि फोलेट. लाल ढोबळीत बीटा-कॅरोटीनही हिरवीपेक्षा कितीतरी अधिक असतं. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते अंगी लागायला थोडं तेल लागतं, म्हणजे फोडणी इथे कामाचीच.

सेंट-ज्यॉर्जींनी सफरचंदाच्या फोडीत जी क्रिया पाहिली, तीच स्वयंपाकघरात या जीवनसत्त्वाच्या मुळावर येते. हवा लागली की ते नासतं, उष्णतेनं आणखी लवकर नासतं, आणि पाण्यात विरघळत असल्यामुळे भाजी उकडून पाणी फेकलं की त्याबरोबर वाहून जातं. म्हणून ढोबळी सकाळी चिरून संध्याकाळी शिजवू नये, आणि शिजवली तरी थोडक्यात, झाकण ठेवून, जास्तीचं पाणी न घालता. पीठ पेरून केलेली ढोबळीची भाजी या हिशेबानं शहाणी म्हणायची. बेसनातलं लोह वनस्पतिज असल्यानं एरवी कमी शोषलं जातं, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते अधिक शोषलं जातं. रक्तक्षय असलेल्या घरातल्या बायकांनी जेवणाबरोबर चहा टाळून अशी भाजी किंवा कच्च्या ढोबळीची कोशिंबीर घेतली, तर ते त्यांच्या हिताचंच. तिखटाच्या डब्यातल्या पुडीवर मात्र क जीवनसत्त्वासाठी विसंबू नये. वाळवताना आणि साठवताना त्यातलं बरंचसं निघून जातं.

सेंट-ज्यॉर्जींचे सगळेच अंदाज बरोबर आले असं नाही. रक्तवाहिन्या नाजूक होऊन कातडीखाली रक्त साकळणाऱ्या रोग्यांना लिंबाचा आणि पाप्रिकाचा अशुद्ध अर्क उपयोगी पडला, शुद्ध क जीवनसत्त्व पडलं नाही, असं त्यांना दिसलं. त्या अर्कातल्या फ्लेव्होनॉइड गटाच्या द्रव्यांना त्यांनी १९३६ साली ‘पी’ जीवनसत्त्व म्हटलं. पुढे ते जीवनसत्त्व ठरलं नाही, नाव मागे पडलं. पण या गटावरचं संशोधन आजही चालू आहे. उतारवयात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांविषयी त्यांना फार आशा वाटे. पुढच्या अभ्यासांनी ती पुरी केली नाही. रोज गोळी घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, आणि दिवसाला दोन ग्रॅमच्या वर गेलं की अनेकांचं पोट बिघडतं.

त्यांचं स्नायूंवरचं काम मात्र पक्कं ठरलं. युद्धाच्या काळात, सेगेडमध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एटीपी या द्रव्याच्या स्पर्शानं आखडताना पाहिले. स्नायू आकुंचन पावतो म्हणजे काय होतं, याचं उत्तर तिथून मिळू लागलं.

याच काळात त्यांनी जिवावरचा एक जुगारही खेळला. १९४३ साली व्याख्यानाचं निमित्त करून ते इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला जर्मनीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. बातमी जर्मनांपर्यंत पोचली, हिटलर खवळला. पुढे जर्मन सैन्य हंगेरीत शिरल्यावर नोबेल मिळवलेला हा प्राध्यापक महिनोन्महिने लपत फिरला. काही काळ बुडापेस्टच्या स्वीडिश वकिलातीनं आसरा दिला, स्वीडनचं नागरिकत्वही दिलं. युद्ध संपल्यावर रशियनांनी त्यांचा मान राखला, पण नव्या राजवटीत श्वास घेणं अवघड झालं आणि १९४७ साली त्यांनी देश सोडला.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल या गावी, समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत, त्यांनी पुढची जवळजवळ चाळीस वर्षं काढली. १९६३ साली दुसऱ्या पत्नी मार्ता कर्करोगानं गेल्या. १९६९ साली मुलगीही त्याच रोगानं गेली, ग्रोनिंगेनच्या वाईट दिवसांत आईबरोबर आजोळी धाडलेली तीच. म्हातारपणीचं त्यांचं सारं लक्ष कर्करोगावर होतं. पैसे मिळत नव्हते, वयस्कर माणसाच्या कल्पनांवर सरकारी समित्यांचा विश्वास बसत नव्हता. अखेर १९७३ साली लोकांच्या वर्गणीतून चालणारी एक संस्था त्यांनी एका वकील मित्राबरोबर उभी केली आणि काम चालू ठेवलं. त्याच वर्षी, देश सोडल्यानंतर प्रथमच, ते सेगेडला जाऊन आले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होलमध्ये वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी त्यांचं निधन झालं. सेगेडमध्ये ते दिवस पाप्रिकाच्या हंगामाचे असतात.